दारातून न जाणारा बेंच

लवू मेस्ताला कागदाचा मनस्वी राग होता. कागदावर काढलेली वस्तू कागदातच राहते, असं त्याचं मत, आणि ते तो तलाठ्यालासुद्धा तोंडावर ऐकवायचा. मेस्त म्हणजे सुतार, आणि लवू तर होड्या-गलबतांचा सुतार. आचऱ्याच्या खाडीकाठी त्याच्या आज्याने मचवे बांधले, बापाने बांधले, कुणी कधी कागदावर रेघ ओढली नाही. ओहोटी लागली की ओल्या वाळूत काठीने अख्खा मचवा खऱ्या मापाने काढायचा, त्याच्याभोवती फेऱ्या घालायच्या, मनासारखा होईपर्यंत पायाने पुसून पुन्हा काढायचा. मग भरती येऊन सगळं धुऊन नेई. नेईना का! तोवर मचवा मेस्ताच्या डोक्यात जाऊन बसलेला असे, आणि तिथून तो थेट लाकडात उतरे.

असा हा माणूस १९५९ साली तीन वर्षं रिकामा बसून होता.

त्याला कारण लॉरी. पूर्वी आचऱ्याचे नारळ, सोलं, सुपारी मचव्यांतून मुंबईला जायची. रस्ते सुधारले आणि माल गाड्यांवरून घाट चढायला लागला. भाई हे गावातले मोठे नारळवाले. त्यांचे दोन्ही मचवे लवूच्या हातचे. त्यातला एक भाईंनी विकून टाकला, दुसरा माडांखाली कलंडून पडला, आणि त्यांच्या दारात लष्कराच्या लिलावातली एक जुनी लॉरी येऊन उभी राहिली. लवू त्या लॉरीला 'भवानी' म्हणायचा. ती समोरून आली की हा रस्ता सोडून शेतात उतरायचा आणि ती गेल्यावर तिच्या धुरात थुंकायचा. त्याने लॉरीचं काही वाकडं होत नव्हतं, पण लवूला तेवढंच बरं वाटायचं.

दिवाळीनंतर मुंबईहून पत्र आलं. परशुराम हा लवूचा एकुलता एक मुलगा, सव्वीस वर्षांचा, गिरगावातल्या एका फर्निचरच्या दुकानात पॉलिशवाला. पत्र वाचायला लवू नेहमी भाईंच्या सत्यवानाकडे जायचा. सत्यवान सात वर्षं लालबागच्या मोटार कारखान्यात काढून नुकताच घरी परतला होता, बापाची लॉरी सांभाळायला. पण लवूला तो पोरगा आवडायचा. लॉरीचा राग त्याने लॉरीपुरताच ठेवला होता.

सत्यवानाने पत्र वाचलं. "तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार. मी शेटजींशी बोललो आहे. गोदामावर राखणदाराची जागा रिकामी होत आहे. काम कठीण नाही. स्टुलावर बसून राहायचे. आपण आईस घेऊन निघून यावे."

लवू म्हणाला, "त्या स्टुलाचे पाय तरी सरळ आसत काय, विचार तेका."

मथुरा, त्याची बायको, शेजारीच उभी होती. ती हसली नाही. "तीन वर्सां वाकस खुंट्येक टांगलेलो आसा," ती म्हणाली. "तो गंजलो, तुमी पण गंजतलास. जाव्या मुंबयक."

वाकस म्हणजे लाकूड तासायचं हत्यार, लवूच्या बापाच्या हातचं. ती बोलत होती ते खरं होतं, आणि ते लवूलाही ठाऊक होतं.

सत्यवान पत्राची घडी घालत होता. त्याच्या मनात निराळंच चाललं होतं. गेल्याच महिन्यात भवानीचं इंजिन कणकवलीजवळ बंद पडलं होतं आणि बैलांच्या दोन जोड्यांनी तिला ओढत घरी आणलं होतं. (तो सोहळा लवूने कुंपणाच्या दगडी गडग्यावर बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला होता.) आता तिला दुरुस्त करायची तर घरीच गॅरेज हवं. भाईंनी घराशेजारी चिऱ्याच्या भिंती उभ्या करून वर एकाच बाजूला उतरतं कौलारू छप्पर घातलं होतं, पण आत नुसती मोकळी जमीन. इंजिन उघडून ठेवायला, लोखंड पकडून धरणारा वाईस बसवायला, घण मारायला एक भक्कम बेंच हवा, आणि शेकडो बारीकसारीक हत्यारांना, नटबोल्टांना मांडणी हवी.

"काका, तीन भिंतींक धरून बेंच होयो, आणि तेच्यावर मांडणी. करशात?"

"त्या भवानीसाठी?"

"माझ्यासाठी," सत्यवान म्हणाला.

लवूने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी पुन्हा घातली. "बरा," तो म्हणाला. "ह्या एक काम करतंय. जमला तर हंयच रवतलंय. नाय जमला तर शिमगो झाल्यार बोटीन मुंबयक जातंय आणि गुमान स्टुलार बसतंय. परशुरामाक तसा कळय."

सत्यवानाने तसं कळवलं.

भाईंना हे बिलकूल पसंत नव्हतं. मालवणातून फर्निचरवाला आणावा असं त्यांच्या मनात. "लवून जन्मभर वाकडा लाकूड जोडल्यान," ते सत्यवानाला म्हणाले. "तेका चौकोन कसो जमतलो?" पण पोरगा हट्टाला पेटला होता, तेव्हा त्यांनी हात वर केले.

सत्यवानाने मुंबईच्या पद्धतीने कागदावर नकाशा काढला, फूट आणि इंच घालून. लवूने तो हातातसुद्धा घेतला नाही. "ह्यो कागद थंय ठेव. माका जागा दाखय." त्याने सुंभाची एक लांब दोरी घेतली आणि गॅरेजच्या तिन्ही भिंतींना लावून गाठी मारल्या. आडवी भिंत चौदा फूट, दोन्ही बाजूंचे हात दहा-दहा फूट. मग ओहोटीला त्याने सत्यवानाची झाडून सगळी हत्यारं टोपलीत भरून वाळूवर नेली. पाने, पक्कड, हातोड्या, कानशी, सगळी ओल्या वाळूत एकेक करून दाबली आणि उचलली. ज्याचा ठसा जेवढा, त्याचा खण तेवढा. वाळूच्या पुळणीवरून जाणाऱ्या बायका थांबून बघायला लागल्या. लवू मेस्त लोखंड पेरतो आहे, अशी आवई संध्याकाळपर्यंत गावभर झाली.

लाकडाचा प्रश्न आला तेव्हा भाई सहज म्हणून गेले, "तो मचवो फोड. तसोय पडानच आसा."

सहज म्हणाले ते, पण लवूचे दोन दिवस त्यात गेले. वाकस खांद्यावर टाकून तो त्या कलंडलेल्या मचव्याभोवती नुसता फिरत राहिला. आपल्या हाताने बांधलेलं आपल्याच हाताने फोडायचं, आणि ते कुणासाठी, तर ज्या लॉरीने ते निकामी केलं तिच्यासाठी! तिसऱ्या दिवशी त्याने मचव्यापुढे नारळ फोडला, "माफ कर गो बाय," म्हणाला आणि पहिला घाव घातला. आतून वीस वर्षांचा साग निघाला, खारं पाणी पिऊन असा मुरलेला की त्यात खिळा ठोकला तर खिळाच वाकावा. लवूच्या डोळ्यांत पाणी आलं, पण लाकूड बघून तो खूषही झाला. सुताराची जात, काय करणार.

मार्गशीर्ष, पौष, दोन महिने माडांखाली ठोकाठोक चालली. आणि काय सांगावं, लवूने बेंच बांधला तो मचव्यासारखाच! कोपऱ्यांना मचव्याच्या जन्मतः वाकड्या फासळ्या घातल्या. त्याच फासळ्या उंच चढवून त्यांच्यावर मांडणीच्या फळ्या बसवल्या. खिळा एक नाही, सगळीकडे लाकडाच्या मेखा. सांधे चंद्रुसाची राळ आणि तेल घालून असे बुजवले की त्यात मुंगी शिरायची नाही. बेंचाच्या कडेने आणि प्रत्येक फळीच्या पुढे दोन बोटं उंच काठ उभा केला. गलबत लाटेवर हललं तर डबे, भांडी खाली पडू नयेत म्हणून असा काठ ठेवतात.

"काका, गॅरेज काय समुद्रात घालूचा नाय," सत्यवान हसून म्हणाला.

"तुझी भवानी बाजूक घुरघुरली की जमीन हलता," लवू म्हणाला. "माका म्हायत आसा."

इथेच लवूने एक चूक केली. दुसऱ्या कुठल्याही सुताराने ती केलीच नसती. घराचं काम करणारा सुतार खाट केली तरी आधी दार मोजतो. पण लवूच्या तीन पिढ्या उघड्यावर बांधत आल्या होत्या. वस्तू वाळूवर पुरी करायची, ओंडक्यांवरून ढकलायची आणि पाण्यात सोडायची. समुद्राला कुठे चौकट असते? त्याने भिंती मोजल्या, हत्यारं मोजली, जमिनीचा उतारसुद्धा मोजला. दाराकडे त्याची नजर गेली नाही. आणि सत्यवान रोज येऊन बघत होता तरी बोलला नाही, कारण मुंबईत त्याने पाहिलेलं सगळं नटबोल्टावर सुटणारं. हेही सुटत असेल, असं तो धरून चालला. आपला बेंच सुटेल ही कल्पना लवूच्या स्वप्नातही नव्हती.

माघातल्या एका सोमवारी बेंच न्यायचं ठरलं. गलबत पाण्यात घालताना जो थाट असतो तो सगळा लवूने केला. नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं. मचव्यावरचे जुने खलाशी आले, पुळणीवर जाळी ओढणारे रापणकर आले, तीस-पस्तीस गडी जमले. ओंडक्यांना माशाचं तेल चोपडलं, दोरखंड लावले, आणि एका सुरात हाळी देत तो अगडबंब बेंच माडांतून वर निघाला. आयुष्यात पहिल्यांदाच लवू मेस्ताची वस्तू समुद्राकडे पाठ करून चालली होती. बायकापोरं मागून चालली. भाईंनी सगळ्यांसाठी गूळ-खोबरं काढून ठेवलं होतं.

बेंच गॅरेजच्या दाराशी आला आणि थांबला.

दार आठ फूट. बेंच चौदा.

आडवा करून बघितला, उभा करून बघितला, एक हात आधी आत सरकवून बघितला. मांडणी छपराला अडली, हात चौकटीला अडला. आणि मग भाईंचा ड्रायव्हर बाबू, जो एरवी चार माणसांत तोंड उघडत नसे, तो म्हणाला, "मेस्तानू, भरती इली की दार रुंदावतला काय?"

झालं. तीस-पस्तीस माणसं हसत सुटली. काहींनी तर दोरखंड टाकून पोट धरलं. लवू तिथेच उभा होता. त्याचं तोंड असं पडलं की हसणाऱ्यांतल्या दोघा म्हाताऱ्या खलाशांना ते बघवेना आणि ते दुसरीकडे बघायला लागले.

भाई पुढे आले. ते हसले नव्हते, वैतागले होते. "मधसून काप," ते म्हणाले. "दोन तुकडे कर, आत नेवन जोड. आणखी काय करतलंस?"

"कापूचा नाय," लवू म्हणाला.

"अरे, मगे ह्या हंयच ठेवतलंस?"

"भाईनू, जोडलेल्या फासळेवर करवत लावली की लाकूड रवता, वस्तू रवणा नाय." लवूचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "एक दिवस द्या. उद्या दिवस बुडाच्या आधी ह्यो आत गेलो नाय, तर तुमीच कापा आणि चुलीत घाला. मी शिमग्याची वाट बघूचंय नाय. पयल्या बोटीन जातंय."

माणसं गूळ-खोबरं खाऊन पांगली. लवू अंगणात बेंचावरच बसून राहिला. दुपार टळली तरी तो उठेना. मथुरा पेजेची तपेली घेऊन आली आणि त्याच्या बाजूला बसली.

"मुंबयक जाव्या म्हणान मीच तुमच्या मागे लागलेलंय," ती म्हणाली. "पण असां तोंड लपवन जावचा नाय. हसतत काय माका? माझ्या घोवाक हसतत?" तिने रागाने पेजेची तपेली त्याच्यापुढे आदळली. तीन वर्षं ती नवऱ्याला रिकामा म्हणून बोल लावत होती, पण तो हक्क तिचा होता. गावाला तिने तो दिला नव्हता.

लवू पेज प्यायला. पिता पिता त्याची नजर माडांकडे गेली. तिथे फोडलेल्या मचव्याची डोलकाठी आडवी पडली होती, तीस फूट लांब, एकसंध. तिला त्याने हात लावला नव्हता. ती बेंचात कुठे बसत नव्हती म्हणून राहिली होती.

त्याने तपेली खाली ठेवली. "मथुरा," तो म्हणाला, "डोलकाठी गलबताक कोण बाजून घालता काय गो?"

"म्हणजे?"

"वरसून उतरवतत," लवू म्हणाला, आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो गॅरेजच्या छपरावर होता. कोकणातल्या माणसाला कौलं काढायची कसली भीती? दर वर्षी पावसाआधी निम्मी कौलं उतरवून नीट करावीच लागतात. मागच्या बाजूची कौलं खाली आली, मग रिपा, मग वासे, आणि न्याहारीच्या वेळेपर्यंत गॅरेजचा मागचा भाग आभाळाला उघडा झाला. भाई घरातून धावत आले आणि डोक्याला हात लावून ओट्यावर बसले. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. सत्यवानाला विचारलं होतं, आणि तो लवूबरोबर वर चढून वासे सोडवत होता.

मग लवूने जुन्या खलाशांना बोलावलं. काल नजर वळवलेले ते दोन म्हातारे सर्वांत आधी आले. मचव्याची डोलकाठी आणि तेवढ्याच लांबीचा एक सुरूचा सोट आणून दोन्हींची टोकं एकत्र बांधली, पाय फाकवले, आणि मागच्या भिंतीबाहेर कैचीसारखे उभे केले. वर मचव्याच्याच लाकडी कप्प्या टांगल्या, त्यांतून दोरखंड ओवला. कैचीला पुढे-मागे ताणून धरायला चारी बाजूंना दोर. गलबतावर डोलकाठी चढवतात ती हीच रीत, फक्त आज उलटी: आज डोलकाठीच ओझं उचलणार होती. बेंच ओंडक्यांवरून मागे नेला.

"ओढा," लवू म्हणाला.

बेंच जमिनीवरून हलला. वीत, हात, दोन हात. हवेत तो संथपणे गिरकी घ्यायला लागला तेव्हा खाली उभ्या बायका मागे सरकल्या. भिंतीच्या वर आला तसा लवूने हात वर करून थांबवलं, आणि कैची इंच इंच पुढे झुकवायला लावली. तो ओरडत नव्हता. बोटाने खूण करायचा, आणि बारा माणसं त्या बोटाकडे बघत दोर सोडायची. बाबू ड्रायव्हरसुद्धा त्या बारांत होता, आणि आज तो एक अक्षर बोलला नाही. बेंच भिंतीच्या पलीकडे गेला, गॅरेजच्या पोटावर आला आणि खाली उतरू लागला.

तो टेकला तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. तिन्ही भिंतींपासून सारखं एकेक बोट अंतर. दोरीच्या गाठीत लवूची चूक झाली नव्हती.

सूर्य अजून डोक्यावरही आला नव्हता. मथुरा दारात उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आता हसा बघूया!" आणि खरोखरच सगळे हसले, पण ते निराळं हसणं होतं. भाई ओट्यावरून उठले, आत येऊन बेंचावर दोन्ही हातांनी जोर देऊन बघितला, मग वर चढून उभेच राहिले. नव्वद शेराचा तो देह बेंचाला जाणवलाही नाही. भाई खाली उतरले आणि उरलेला सगळा गूळ घरातून मागवला.

लवू कैची उतरवायला निघाला. तेवढ्यात सत्यवानाने त्याचा हात धरला. तो मघापासून त्या कप्प्यांकडेच बघत होता.

"काका, काठी उतरवू नकात."

"कित्याक?"

इथे सत्यवानाची खरी अडचण सांगायला हवी. भवानीचं इंजिन दुरुस्त करायचं तर ते आधी लॉरीतून उचलून बाहेर काढायला हवं. मुंबईच्या कारखान्यात त्याला साखळीची कप्पी असते, माथ्यावर लोखंडी तुळई असते. आचऱ्यात काय होतं? पाच मण लोखंड दहा माणसांनी हाताने उचलायचं म्हणजे कुणाचा तरी पाय जायचा. दोन महिने तो ह्याच काळजीत होता, आणि भाई आता लॉरी भंगारात काढायची भाषा करत होते.

"इंजिन उचलात ही?" त्याने विचारलं.

लवूने वर बघितलं, खाली बघितलं. "मचव्याचो नांगर किती जड असता, तुका म्हायत आसा?" तो म्हणाला. "हाड तुझ्या भवानीक हंय."

लॉरी ढकलत आणली. तिचं नाक आठ फुटांच्या दारातून आत शिरलं आणि बेंचाच्या दोन हातांमध्ये येऊन थांबलं. कैची आत झुकवली, दोर खाली सोडले. सत्यवानाने बोल्ट सोडवले, लवूने गाठ मारली. खलाशांची ती गाठ ओझ्याने घट्ट होते. सहा माणसांनी दोर ओढला आणि इंजिन लॉरीतून अलगद वर आलं. लॉरी मागे सरकवली. कैची मागे झुकवली. आणि ते काळं, तेलकट इंजिन मचव्याच्या सागावर टेकलं. बेंच तसूभर हलला नाही, एक मेख कुरकुरली नाही.

लवू जवळ जाऊन इंजिनाकडे बघत राहिला. इतकी वर्षं ज्याच्या धुरात थुंकला, ते त्याने पहिल्यांदाच जवळून पाहिलं. "आत काय आसा तेच्या?" त्याने विचारलं.

सत्यवानाने नऊ दिवस ते इंजिन सोडवलं, घासलं, जोडलं, आणि लवू नऊही दिवस बाजूला बसून होता. प्रत्येक सुटा भाग ज्याच्या त्याच्या खणात जाई. घणाच्या घावाने नट उडे आणि काठाला लागून बेंचावरच थांबे. अडतीस नट सोडले, अडतीस मिळाले. सत्यवान म्हणाला, लालबागच्या कारखान्यात असा एक दिवस उजाडला नव्हता. दहाव्या दिवशी भवानी सुरू झाली. भाईंनी लवूला पुढच्या सीटवर आपल्या शेजारी बसवलं आणि देवळापर्यंत फेरी मारून आणली. लवू सबंध वाटभर दाराचा दांडा घट्ट धरून बसला होता, पण उतरल्यावर म्हणाला, बरी चलता.

शिमगा आला आणि गेला. मुंबईची बोट आली आणि गेली. पावसाच्या तोंडावर कैची उतरली आणि गॅरेजची कौलं पुन्हा चढली.

पुढे पावसाळा संपता संपता तारकर्लीहून शिवा नावाचा एक मच्छीमार आचऱ्याला आला. सोसायटीमार्फत त्याला होडीला लावायचं इंजिन मिळालं होतं, आणि चार महिने ते त्याच्या अंगणात गोणपाटाखाली पडून होतं. ते होडीत बसवायचं कसं, हेच त्याच्या भागात कुणाला ठाऊक नव्हतं. लोखंडवाल्यांना होडी कळत नव्हती, होडीवाल्यांना लोखंड.

"एका गॅरेजात दोगव आसत, असां ऐकलंय," शिवा म्हणाला.

लवूने सत्यवानाकडे बघितलं. इंजिनाचा धक्का कुठे बसतो, ते सत्यवानाने हाताने दाखवलं. तो धक्का होडीच्या फासळ्यांवर कसा वाटून द्यायचा, ते लवूला बघता बघता समजलं. पंधरा दिवसांत त्याने बेंचावर सागाची बैठक घडवली, आणि शिवाची होडी शिडाशिवाय, वल्ह्याशिवाय, वाऱ्याला तोंड देऊन खाडीबाहेर गेली. खुंटीवरचा वाकस त्यानंतर खुंटीवर गेलाच नाही. दिवाळीपर्यंत पुळणीवर तीन होड्या बैठकीसाठी रांगेत उभ्या होत्या. आणि एका आचरेकराने तर नवीनच होडी बांधायला सांगितली, तळापासून इंजिनासाठी. चार वर्षांनी लवूच्या हातात नवी होडी आली होती.

त्या संध्याकाळी तो सत्यवानाकडे गेला. "परशुरामाक पत्र लिही."

सत्यवानाने 'चिरंजीव परशुरामास अनेक आशीर्वाद' लिहिलं आणि थांबला. "फुडे?"

"लिही, माका दोन हात कमी पडतत. ये."

सत्यवानाने तेवढंच लिहिलं.

परशुराम आला, मार्गशीर्षात, मुंबईच्या बोटीने. मालवणला उतरला आणि भाईंच्या लॉरीतून घरी. आईसाठी लुगडं आणि बापासाठी छत्री घेऊन. घामाघूम बाप नव्या होडीच्या तळाशी वाकलेला त्याला दिसला. गेल्या चार वर्षांत त्याने बापाला असा बघितला नव्हता, आणि तो लांबच जरा वेळ उभा राहिला. मग जवळ येऊन पाया पडला.

"आठ दिवसांची रजा आसा, बाबा," तो म्हणाला. "शेट वाट बघतलो."

लवूने कमरेचा वाकस काढून त्याच्या हातात दिला आणि तासायच्या फासळीकडे बोट केलं.

"शेटीक कळय," तो म्हणाला, "तुका बापाशीन कामाक ठेवल्यान."

परशुरामाने बुशशर्ट काढून माडाच्या पडलेल्या झावळीवर टाकला. मथुरेने त्या रात्री भाताला दोन मुठी तांदूळ जास्त घेतले, आणि नवव्या दिवशीही तेवढेच घेतले.